स्वारगेटला उतरून मेट्रोनं पिंपरीपर्यंत: सातारा-सांगलीहून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या माणसाचं पुणं स्वारगेटला सुरू होतं. पोरगा भोसरीच्या कंपनीत लागलेला असो, पोरगी शिवाजीनगरला शिकत असो, कोर्टात तारीख असो नाहीतर पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात पेशंट असो, एसटीतून खाली पाय पडतो तो स्वारगेटलाच. तिथून पुढं पिंपरी गाठायची म्हणजे पीएमपीच्या बसमध्ये पिशव्या पायात घेऊन उभं राहायचं किंवा रिक्षावाल्याशी घासाघीस करायची. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि स्वारगेटहून थेट पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या दारापर्यंत सलग गाडी मिळाली. रस्त्यानं सिग्नल आणि गर्दीत तास-सव्वा तास खाणारं हे अंतर मेट्रो अर्ध्या-पाऊण तासात उरकते.

पुण्यात राहणाऱ्यांसाठी मेट्रोची माहिती ढीगभर मिळते. ती लिहिणाऱ्यानं धरलेलं असतं की वाचणाऱ्याच्या हातात लॅपटॉपची एक बॅग आहे आणि मंडई कुठं, फुगेवाडी कुठं हे त्याला ठाऊक आहे. आपण चार तास एसटीत अवघडून आलेलो असतो, हातात दोन पिशव्या असतात, सोबत गुडघे दुखणारी आई असते. ही माहिती त्या हिशेबानं लिहिली आहे. मेट्रोत बसणं मुळीच अवघड नाही. लोक गोंधळतात ते चढण्याच्या आधी आणि उतरल्याच्या नंतर.

उतरायचं कुठं, हे गाडीत बसायच्या आधी ठरवा

पुण्यात नेमकं कुठं जायचंय ते पत्त्यासकट विचारून घ्या. "पिंपरीकडं" एवढ्यावर निघू नका. पिंपरी-चिंचवड म्हणतात तो पट्टा दापोडीपासून निगडीपर्यंत आणि आडवा वाकड-रावेतपर्यंत पसरलेला आहे. त्यातला बराचसा भाग मेट्रोपासून लांब आहे.

हिंजवडी, वाकड, ताथवडे या बाजूला काम असेल तर स्वारगेटला येऊच नका. मुंबईला जाणाऱ्या बहुतेक गाड्या आणि ट्रॅव्हल्स पुण्यात न शिरता बायपासनं जातात: नवले पूल, वारजे, चांदणी चौक, मग वाकड. अशा गाडीत बसा आणि वाकडला उतरा. स्वारगेटला येऊन मेट्रोनं पिंपरीला जायचं आणि तिथून पुन्हा वाकडला यायचं, हा उलटा फेरा आहे.

कोथरूड, कर्वे रोड, डेक्कन या बाजूला जायचं असेल तर त्याच बायपासवर चांदणी चौकात उतरा आणि तिथून रिक्षानं पौड रस्त्यावरचं वनाज स्टेशन गाठा. ही दुसरी मेट्रो, वनाज ते रामवाडी. मात्र चांदणी चौकात रात्री-अपरात्री बॅगा घेऊन एकटं उतरू नये, विशेषतः पहिल्यांदा येणाऱ्यानं. पुलांचं जाळं आहे, कुठला रस्ता कुठं जातो ते दिवसासुद्धा पटकन कळत नाही.

पेठा, जिल्हा न्यायालय, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी यांपैकी काही असेल तर स्वारगेट बरोबर. साताऱ्याची विनाथांबा गाडी, कराड-सांगली-मिरजेच्या पुण्याच्या एसटी तिथंच येतात. काही एसटी थेट पिंपरी-चिंचवडच्या वल्लभनगर आगारापर्यंतही जातात. तशी गाडी सोयीच्या वेळेला असेल तर जागेवरून उठायचीही गरज नाही.

रेल्वेनं येणाऱ्यांचं गणित वेगळं. मिरज, सांगली, सातारा या बाजूनं कोयना, सह्याद्री, महालक्ष्मी अशा गाड्यांनी पुणे स्टेशनवर उतरलात तर बाहेरच मेट्रोचं स्टेशन आहे, पण ते वनाज-रामवाडी मार्गावरचं. पिंपरीला जायचं तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलावी लागते, ते पुढं सांगतो. पिंपरी किंवा चिंचवडच्या रेल्वे स्टेशनजवळ काम असेल तर पुणे-लोणावळा लोकलही आहे. ती स्वस्तात नेते, पण तिच्या वेळा बघून घ्याव्या लागतात. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला असल्यानं सातारकर एसटीच धरतो, त्यामुळं इथून पुढं मी स्वारगेटच धरून चालतो.

आता वेळ. मेट्रो पहाटे नव्हे, सकाळी ६ वाजता सुरू होते आणि रात्री ११ पर्यंत चालते. सांगलीहून रात्री निघालेली गाडी तुम्हाला पहाटे चारला स्वारगेटला आणून सोडते, तेव्हा मेट्रोला कुलूप असतं. अशा वेळी स्टँडमध्येच, उजेडात, चार माणसं आहेत तिथं बसा आणि चहा घ्या. अंधारात "चला, पिंपरी, पिंपरी" म्हणत बॅगेला हात घालणाऱ्याच्या मागं जाऊ नका. दोन तास थांबायचं नसेल तर निघतानाच अशी गाडी निवडा की ती सहानंतर पोचेल.

स्टँडपासून मेट्रोच्या दारापर्यंत

स्वारगेटला एसटीचं स्टँड वेगळं आणि पीएमपीचं वेगळं, दोन्ही शेजारी-शेजारी. मेट्रोचं स्टेशन जेधे चौकाच्या बाजूला, जमिनीखाली आहे. वर दिसतात ती फक्त प्रवेशद्वारं: जिना, सरकता जिना आणि लिफ्ट. एसटीतून उतरल्यावर आधी बॅगा मोजा, मग मेट्रोच्या पाट्या शोधा. पाटी दिसली नाही तर "मेट्रो कुठं?" असं गणवेशातल्या वाहतूक पोलिसाला किंवा टपरीवाल्याला विचारा. रिक्षावाल्याला विचारलंत तर मेट्रो आज बंद आहे, फार लांब आहे, तिकडं काम चालू आहे, असं काहीही ऐकायला मिळू शकतं. सगळेच तसे नसतात, पण ज्याचा धंदा मेट्रोनं कमी केला त्याच्याकडून मेट्रोचा पत्ता घेण्यात शहाणपण नाही.

चालायचं अंतर पाच-सात मिनिटांचं आहे. जेधे चौकातली रहदारी मात्र साताऱ्याच्या पोवई नाक्याची सवय असलेल्यालाही दचकवते. दिसतोय मोकळा म्हणून मधेच पळत रस्ता ओलांडू नका. सिग्नलला थांबा, चार माणसांबरोबर ओलांडा.

सोबत म्हातारं माणूस असेल तर सरळ लिफ्टचं दार शोधा. प्रत्येक प्रवेशद्वाराला लिफ्ट असतेच असं नाही. खाली उतरून चुकलात असं वाटलं तर पुन्हा वर येऊन दुसरं दार शोधण्यापेक्षा खाली उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सांगा, तो लिफ्टनं नेतो.

सरकत्या जिन्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आपल्याकडून येणाऱ्या बायामाणसांना भीती वाटते ती याचीच. पिवळी रेघ असलेल्या पायरीच्या कडेवर पाऊल टाकू नका, पायरीच्या मधोमध टाका. आधी काळ्या पट्ट्याला हात लावा, तो सरकायला लागला की मग पाऊल. साडीचा घोळ एका हातानं वर धरा. नऊवारीचा धोका कमी, पाचवारीच्या निऱ्या आणि ओढणी यांचा जास्त. शेवटी पायऱ्या सपाट होत जातात तिथं थबकू नका, दोन पावलं पुढं चालत जा, मागून माणसं येत असतात. जड पिशवी जिन्यावर खाली ठेवू नका, हातातच राहू द्या. एवढं सांभाळलं की आठवड्याच्या बाजाराला एसटीच्या टपावर चढणाऱ्या आपल्या आजीला यात काहीच अवघड नाही.

तिकीट

खाली उतरल्यावर समोर तिकीट खिडकी आणि तिकिटाची यंत्रं दिसतात. पहिल्यांदा येणाऱ्यानं खिडकीवर जावं. स्टेशनचं नाव सांगायचं, किती माणसं ते सांगायचं, पैसे द्यायचे. कागदी तिकीट हातात येतं. त्यावर क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. तो चुरगाळू नका, ओल्या हातानं धरू नका. उतरतानाही हेच तिकीट दाखवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. एसटीच्या तिकिटासारखं खिडकीतून भिरकावून देण्याची सवय इथं अंगलट येते.

किमान भाडं १० रुपये आणि सगळ्यात लांबचं ३५ रुपये. शनिवारी-रविवारी सगळ्यांनाच ३० टक्के सवलत असते. मंडईला जायचं असो की पिंपरीला, रिक्षाच्या तुलनेत हे पैसे जाणवतसुद्धा नाहीत. चौघंजण मंडईला निघाला असाल तर मात्र हिशेब करा. चौघांची तिकिटं, जिने आणि पुन्हा वर चढणं धरलं तर तेवढ्या अंतराला रिक्षा वाईट नाही. माझ्या मते मेट्रोचा खरा फायदा शिवाजीनगरच्या पुढं जाणाऱ्याला.

फोन हाताळणाऱ्यांना ॲपवरून आणि व्हॉट्सॲपवरूनही तिकीट मिळतं. ते वर, रस्त्यावर असतानाच काढा आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. जमिनीखाली गेल्यावर नेटवर्क दगा देऊ शकतं, आणि गेटसमोर उभं राहून गोल गोल फिरणाऱ्या चाकाकडं बघत बसावं लागतं. एका फोनवर चौघांची तिकिटं असतील तर फोनवाल्यानं शेवटी जावं. आधी प्रत्येकाचा कोड एकेक करून दाखवायचा, सगळी पुढं गेली की मग स्वतः. फोनवाला ऐटीत आधी आत जातो आणि म्हातारे आई-वडील गेटच्या अलीकडं राहतात, हा प्रकार रोज बघायला मिळतो.

तिकिटाला मुदत असते. सकाळी काढून संध्याकाळी वापरू म्हटलं तर चालत नाही. परतीचं तिकीट परतताना काढा.

तपासणी आणि गेट

गेटच्या आधी पिशव्या तपासणीच्या यंत्रातून जातात आणि माणसाला चौकटीतून जावं लागतं. बायकांसाठी वेगळी तपासणी असते. कंदी पेढ्यांचा खोका, भडंगाची पिशवी, बेदाणे, हळद, घरचं तूप यांना कुणी हरकत घेत नाही. पत्र्याचा डबा उघडून दाखवायला सांगितलं तर दाखवा. रॉकेल, पेट्रोल, फटाके, गॅसची टाकी चालत नाही. पोराच्या खोलीवर द्यायला म्हणून गावच्या लोहाराकडून करून आणलेली विळी किंवा कोयता पिशवीत असेल तर अडवतील. अशा वस्तू एसटीनं आल्या तरी पुढं मेट्रोनं जात नाहीत. कोंबडी, बकरू यांचं तर विचारूच नका.

गेटवर काचेचा चौकोन असतो. तिकिटावरचा कोड त्यावर पालथा, सपाट धरा. फार जवळ चिकटवायचा नाही, फार लांबही नाही, बोटभर अंतर. दोन फाळक्या उघडतात, एक माणूस जातं, मिटतात. पिशवी आधी पुढं सरकवा किंवा अंगासरशी धरा. मागं ओढत येणारी चाकाची बॅग फाळक्यांत अडकते. मोठी बॅग, लहान मूल किंवा काठी घेतलेलं माणूस असेल तर शेजारचं रुंद गेट वापरा. कोड घेत नसेल तर खिशातून काढून तीनतीनदा झटकत बसू नका, बाजूच्या मदत खिडकीवर दाखवा. तिकीट हरवलं, तिकिटापेक्षा पुढच्या स्टेशनला गेलात, चुकीच्या स्टेशनला उतरलात, सगळ्याचा इलाज त्याच खिडकीवर असतो. फरकाचे पैसे भरले की झालं.

फलाट आणि डबा

स्वारगेट हे या मार्गाचं एक टोक. तिथून गाडी एकाच दिशेला जाते, म्हणून जाताना चुकायची सोय नाही. फक्त पुढची गाडी कुठल्या फलाटावरून सुटणार ते फलकावर बघा. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी गाडी असते, इतर वेळी दहाएक मिनिटांनी. एक चुकली म्हणून पळत सुटू नका. दारं मिटताना मधे हात किंवा पिशवी घालणं तर अजिबात नको. कंडक्टर दोरी ओढून गाडी थांबवेल ही आशा इथं चालत नाही.

पिवळ्या पट्टीच्या अलीकडं उभं राहायचं. आतली माणसं उतरू द्यायची, मग चढायचं. आपल्याकडं स्टँडवर रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत आहे, इथं खिडक्याच उघडत नाहीत. गाडीला तीन डबे असतात, त्यातला एक महिलांसाठी. त्याची खूण बघून पुरुषांनी दुसऱ्या डब्याकडं वळावं. नवरा-बायको एकत्र असाल तर बाकीच्या डब्यांत दोघंही बसू शकता. ज्येष्ठांच्या जागेवर तरुण पोरगं बसलेलं असलं तर "बाळा, जरा उठतोस का" एवढं म्हटलं की उठतं, मी तरी नकार पाहिला नाही.

डब्यात खाणं-पिणं नाही. शिदोरीचं गाठोडं सोडायचं नाही, तंबाखू मळायची नाही, थुंकायचं तर मुळीच नाही. जागा नसली तरी फरशीवर बसकण मारायची नाही. दंड होतो.

कुठल्या स्टेशनला कशासाठी उतरायचं

स्वारगेटनंतरचं पहिलं स्टेशन मंडई. महात्मा फुले मंडई, तुळशीबाग, दगडूशेठचा गणपती सगळं चालत. लग्नाचा बस्ता नसला तरी रुखवताची भांडी, बांगड्या, पूजेचं साहित्य घ्यायला आपल्याकडच्या बायका जिथं जातात तो हा भाग, आणि तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून मेट्रोच बरी. पुढचं कसबा पेठ: कसबा गणपती, लाल महाल, आणि थोडं चाललं की शनिवारवाडा. गणेशोत्सवात देखावे बघायला येणार असाल तर मंडई स्टेशनवर तुडुंब गर्दी असते. कसबा पेठेला उतरून चालत आलात तर जीव गुदमरणार नाही.

कसबा पेठ सोडल्यावर गाडी मुठा नदीच्या पात्राखालून जाते. आत बसलेल्याला काही कळत नाही, पण पोरांना सांगितलं की ती खिडकीला नाक लावून पाणी शोधत बसतात. हे बोगदे खणणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी इथल्याच नद्यांची नावं दिली होती.

मग जिल्हा न्यायालय. लोक अजून सिव्हिल कोर्टच म्हणतात, दोन्ही एकच. कोर्टाची तारीख असलेल्यांनी इथं उतरायचं. वर येऊन कोर्टाच्या कुठल्या फाटकाशी निघायचं ते बाहेर पडण्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं, ती वाचल्याशिवाय जिना चढू नका. चुकीच्या बाजूला निघालात तर भर रस्ता ओलांडून यावं लागतं.

शिवाजीनगर म्हटलं की एसटीनं नाशिककडं जाणारा माणूस चुकतो. शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवलं आहे. मेट्रोतून शिवाजीनगरला उतरलात तर स्टँड समोर दिसणार नाही, तिथून रिक्षा किंवा बस करावी लागते. शिवाजीनगरचं रेल्वे स्टेशन मात्र जवळ आहे, आणि कृषी महाविद्यालय, अभियांत्रिकीचं सीओईपी याच भागात. प्रवेशाच्या दिवसांत आपल्याकडचे बाप-लेक हातात फायली घेऊन इथंच उतरतात.

शिवाजीनगर सोडल्यावर गाडी जमिनीखालून वर येते. स्वारगेटपासून इथपर्यंत साधारण सहा किलोमीटर भुयार, त्यापुढं खांबांवरचा पूल. खडकीला दारूगोळा कारखाना आणि लष्कराचा परिसर. दापोडीच्या बाजूला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय, सीएमई. अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव असलेल्या सातारा जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको, घरोघरचं कुणीतरी तिथं जाऊन आलेलं असतं. एसटीतल्या माणसांना दापोडी माहीत असते ती मध्यवर्ती कार्यशाळेमुळं. इथं एक लक्षात ठेवा: लष्करी हद्दीत फोटो काढायचे नाहीत, आणि फाटकावर ओळखपत्र लागतं, ते आधीच वरच्या खिशात ठेवा.

नाशिक फाटा हे स्टेशन भोसरी म्हणूनही ओळखलं जातं, आणि त्यामुळं फसगत होते. भोसरी गाव आणि एमआयडीसी तिथून बरीच पुढं आहे. उतरून पीएमपीची बस किंवा शेअर रिक्षा करावी लागते. चाकणला जाणाऱ्यांनाही इथूनच पुढं बस. पहिल्या दिवशी कामावर हजर व्हायचं असेल तर हा पुढचा टप्पा धरून तासभर आधी निघा.

संत तुकाराम नगर आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं महापालिकेचं रुग्णालय, वायसीएम, याच भागात. देवराष्ट्रात जन्मलेल्या आणि कराडात वाढलेल्या माणसाचं नाव दारावर बघून आपल्याकडच्या पेशंटला तेवढाच धीर. डी. वाय. पाटलांचं रुग्णालय-महाविद्यालयही जवळ, आणि वल्लभनगरचं एसटी स्टँडही इथंच. म्हणजे पिंपरीहून परस्पर गावाकडं जायची गाडी मिळत असेल तर स्वारगेटला यायचं कारणच नाही. पेशंटला भेटायला जाणाऱ्यांनी भेटीची वेळ आधी विचारून घ्यावी. दवाखान्याच्या बाहेर ताटकळण्यात जातो तेवढा वेळ मेट्रोत जात नाही.

शेवटचं पीसीएमसी, महापालिकेच्या इमारतीसमोर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. चिंचवड, आकुर्डी, निगडीला इथून बस. हाच मार्ग पुढं निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंत नेण्याचं काम हाती घेतलेलं आहे, साधारण साडेचार किलोमीटरचं.

जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची असेल तर

पुणे स्टेशन, ससून, रुबी हॉल, येरवडा, रामवाडी एकीकडं आणि डेक्कन, गरवारे कॉलेज, नळ स्टॉप, वनाज दुसरीकडं, ही सगळी दुसऱ्या मार्गावरची. तिथं जायला जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. तिकीट एकच, शेवटच्या स्टेशनचं काढायचं. स्वारगेटच्या खिडकीवर "पुणे स्टेशन" म्हणून सांगितलं की झालं.

स्वारगेटची गाडी इथं जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर थांबते. आपल्याकडच्या विहिरीच्या मापात शंभर फुटांहून खोल. दुसरी गाडी जमिनीच्या वर, पुलावरून जाते. म्हणजे एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला एकामागून एक सरकते जिने चढत राहावं लागतं. दहा मिनिटं हाताशी ठेवा. म्हाताऱ्या माणसाला घेऊन आलात तर इथं लिफ्टच बरी. या सगळ्यात एकच चूक टाळायची: तिकिटाच्या गेटमधून बाहेर पडायचं नाही. "वनाज" आणि "रामवाडी" अशी नावं असलेल्या पाट्यांच्या मागं जायचं. गेट ओलांडून रस्त्यावर आलात की ते तिकीट संपलं.

वरच्या फलाटावर दिशा बघूनच चढा. पुणे स्टेशनला रामवाडीची गाडी, डेक्कनला वनाजची. ससूनला जाणाऱ्यांनी पुणे स्टेशनला उतरून चालत जावं. विमानतळासाठी रामवाडीला उतरून पुढं बस किंवा रिक्षा.

वरचेवर येणार असाल तर

शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांनी रोज रांगेत तिकीट काढू नये, मेट्रोचं कार्ड करून घ्यावं. एक पुणे कार्ड म्हणून मिळतं, त्यात पैसे भरायचे आणि गेटला टेकवायचं. शिकणाऱ्या मुलांसाठी सवलतीचं वेगळं कार्ड आहे, कॉलेजचं ओळखपत्र लागतं. गावाकडच्या बापानं पोराला महिन्याचे पैसे पाठवताना यात किती जातात ते विचारून ठेवायला हरकत नाही. वडापाव आणि मेट्रो यांतलं काय वाढलं ते कळतं.

खोली बघताना घरमालक "मेट्रो पाच मिनिटांवर" म्हणतो ती गाडीवरची पाच मिनिटं असतात. स्वतः चालून बघा, तेही पावसाळ्यात कसं होईल त्याचा विचार करून. कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी या बाजूच्या खोल्या पेठांपेक्षा परवडतात आणि मेट्रोमुळं पेठांतल्या अभ्यासिका आवाक्यात येतात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी सदाशिव पेठेतच राहिलं पाहिजे हा हट्ट आता धरायचं कारण नाही, असं मला वाटतं. रात्री अकरानंतर मात्र पायी किंवा रिक्षा, हे धरून चला.

परत निघताना

पिंपरीकडून परतताना फलकावर "स्वारगेट" लिहिलेली गाडी घ्यायची आणि शेवटपर्यंत बसायचं. संध्याकाळी पाच ते आठ गाडी भरून येते. मोठ्या पिशव्या असतील तर पीसीएमसी किंवा संत तुकाराम नगरला, म्हणजे सुरुवातीलाच चढण्याचा प्रयत्न करा. पुढं दापोडी-खडकीला जागा मिळायची आशा कमी.

शुक्रवारी संध्याकाळी आणि सणाच्या आदल्या दिवशी स्वारगेट स्टँड म्हणजे जत्राच. मेट्रोनं वाचवलेला अर्धा तास सातारा विनाथांब्याच्या रांगेत जातो. एसटीचं आरक्षण आधी करता आलं तर करा. तुमच्या एसटीच्या वेळेच्या निदान पाऊण तास आधी स्वारगेटच्या फलाटावर उतरलेलं असावं, कारण वर येणं, चौक ओलांडणं आणि स्टँडवर आपली गाडी कुठं लागलीय ते शोधणं यातच वीस मिनिटं जातात. खेड शिवापूर आणि खंबाटकीला खोळंबा झाला तर घरी पोचायची वेळ पुढं जाणारच. तो उशीर मेट्रोच्या माथी मारू नका.

स्वारगेटच्या पुढं कात्रजपर्यंत भुयारी मेट्रो न्यायला केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, सुमारे साडेपाच किलोमीटरचा मार्ग. तो झाला की साताऱ्याकडून येणाऱ्यांना सातारा रस्त्यावरचे बालाजीनगर, पद्मावतीचे सिग्नल मोजत स्वारगेट गाठायची गरज उरणार नाही, कात्रजलाच उतरून खाली जाता येईल. तोवर परतीच्या एसटीसाठी कात्रजला रस्त्यात हात दाखवून थांबण्यापेक्षा स्वारगेटला येऊन बसणं बरं. कात्रजला येईपर्यंत गाडी भरलेली असते. आणि रात्रीची सांगली-मिरजेची शेवटची गाडी कितीची आहे, ते सकाळी उतरलात तेव्हाच स्टँडच्या चौकशी खिडकीवर विचारून हातावर लिहून ठेवा.